शीट सात आणि शीट आठच्या मधली गल्ली

प्रत्येक मिशन येऊन गेलं की माझ्या टेबलाच्या खणात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे गळ्यात अडकवायचं कार्ड आणि दुसरा किस्सा. कार्डं मी मागच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली. किस्से टाकायला जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसते. तेवढीच खणात हवा खेळते.

मिशन म्हणजे बँकेच्या माणसांची पाहणी. आणि बँक म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरची नव्हे. आपल्यासारख्या, अजून वर यायला धडपडणाऱ्या देशांनी एकत्र येऊन काढलेली बँक. ती रस्त्यांना, धरणांना, पाण्याच्या पाइपांना कर्ज देते. जयपूरच्या कडेकडेच्या वस्त्यांना नळाचं पाणी द्यायचं, असा तिच्या मदतीचा एक प्रकल्प आहे आणि मी त्या प्रकल्पाच्या ऑफिसात नोकरी करते. लोकांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, हे माझं काम. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून अकोल्याहून इथे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली.

नोकरी लागली तेव्हा विद्याधर नगरातल्या आमच्या शेजारणीने पेढे मागितले आणि पाठोपाठ विचारलं, "भाभीजी, आपके बैंक में लॉकर मिल जाएगा?" मी म्हटलं, आमच्या बँकेत लॉकर नसतात. "पासबुक?" तेही नसतं. काउंटरसुद्धा नसतो म्हटल्यावर तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि संध्याकाळी माझ्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं की, तुझी मम्मी खरंच नोकरीला जाते ना?

मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मतलब तू नक्की काय करतेस, ते मला पण नाही माहीत."

तेव्हा मला हसू आलं होतं. हल्ली तोच प्रश्न मी स्वतःला विचारते आणि हसू येत नाही.

*

आमच्या ऑफिसात माणसं पुष्कळ, पण तुम्हाला तिघं कळली की पुरे. एक डायरेक्टर साहेब. ते सतत बदलतात, म्हणून नाव सांगत नाही. एकाचं तोंड ओळखीचं होईपर्यंत दुसरे येतात. दुसरे माथुरजी. पाणी खात्याचे इंजिनिअर म्हणून इथूनच शुक्रवारी निवृत्त झाले आणि सोमवारी सल्लागार म्हणून त्याच खुर्चीत परत बसले. आणि तिसरे लालारामजी, आमचे शिपाई. येत्या होळीनंतर निवृत्त होणार.

लालारामजी कमी बोलतात. चहा, पाणी, फाइल आणि भिंतीवर नकाशे टांगणं ही त्यांची कामं. मिशन यायच्या आदल्या दिवशी सगळ्या शहराचा नकाशा ते शीट शीट करून भिंतीला लावतात, कडेला कड जुळवून. हे काम त्यांच्याइतकं नीट कोणाला जमत नाही.

असंच एकदा नकाशे लावताना ते थांबले. शीट सातवर बोट ठेवून ते हळूहळू उजवीकडे आले, कडेशी पोचले, मग शीट आठवर बोट ठेवून पुन्हा मागे आले. असं दोन-तीनदा झालं. मी विचारलं, काय शोधताय?

"मैडमजी, मेरी गली."

मी चष्मा लावून उठले. शीट सात मंदिराजवळ संपत होती. शीट आठ नाल्यापलीकडून सुरू होत होती. मंदिर आणि नाल्याच्या मधे लालारामजींची गल्ली आहे, तिच्यात बारा घरं आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं; त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी तिथे जेवून आले होते. नकाशावर त्या जागी दोन शीटचे पांढरे समास एकमेकांना चिकटले होते.

शीट सात काढणाऱ्याला वाटलं गल्ली पुढच्या शीटवर आहे, आणि पुढची शीट काढणाऱ्याला वाटलं ती मागच्या शीटवर आहे. पाइप मंदिरापर्यंत येऊन थांबला होता. तिथून लालारामजींचं दार चाळीस पावलांवर.

"ये तो कागज़ की ग़लती है, मैडमजी. ठीक हो जाएगी ना? घरवाली के घुटने अब टैंकर तक नहीं जाते. मैं यहाँ हूँ तब तक हो जाए तो अच्छा."

मी म्हटलं, "होऊन जाईल लालारामजी, मी बघते." मराठीत म्हटलं. पण त्यांना कळलं, कारण त्यांनी मान हलवली आणि नकाशा सरळ केला.

*

आता 'बघते' म्हणजे काय असतं, ते सांगते.

आमच्याकडे काहीही करायचं तर बँकेची ना हरकत लागते. टेंडर काढायचं, ना हरकत. माणूस नेमायचा, ना हरकत. ही पद्धत वाईट नाही. पण माथुरजींच्या अंगात ती एवढी भिनली आहे की, ऑफिसातला वॉटर कूलर जिन्याजवळून खिडकीजवळ हलवायचा होता, तर त्यांनी त्याचंसुद्धा पत्र पाठवलं. सोबत रेखाचित्र. जुनी जागा लाल शाईत, नवी हिरव्या.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मोठ्या सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं की, कार्यालयातल्या कूलरच्या जागेविषयी आमचं मत घेण्याची आवश्यकता आम्हाला दिसत नाही. तथापि आमची हरकत नाही.

माथुरजींनी शेवटच्या चार शब्दांखाली रेघ मारली आणि पत्र फाइलला लावलं. "देखिए वानखेडेजी," मला म्हणाले, "पूछने में क्या जाता है."

मी लगेच लालारामजींच्या गल्लीचा कागद पुढे केला. चाळीस पावलं पाइप वाढवायचा, एवढंच विचारायचं होतं. म्हटलं, मग हेही विचारा ना, विचारायला काय जातं?

माथुरजींनी चष्मा काढला. म्हणाले, ही गोष्ट वेगळी आहे. कूलर हलवला तर कोणी विचारत नाही की, आधी चुकीच्या जागी का ठेवला. गल्ली वाढवली तर पहिला प्रश्न येईल की, सुटली कशी. मग ती शीट कोणी तपासली? खाली सही कोणाची?

सही माथुरजींची होती.

ते वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा रोज संध्याकाळी पपईच्या पानांचा रस घेऊन येत होते. पण कागद त्यांनी खणात ठेवला, आणि कूलर त्या दिवशी दुपारी खिडकीजवळ गेला. त्यात पाणी भरायचं काम लालारामजींकडे आहे.

*

एक साहेब आले होते, त्यांना बँकेचा मूळ विचार फार आवडला. इथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सगळे देश बरोबरीचे! मग मिशन आपल्या लांब टेबलावर का बसवायचं? लांब टेबलाला टोक असतं, टोकाला बसणारा मोठा ठरतो. गोल टेबल आणा.

राजा पार्कमधल्या एका दुकानातून गोल टेबल आलं. चौदा माणसांचं, सागवानी रंगाचं, सुरेख. आमचा जिना ते चढलं. मीटिंग हॉलच्या दारात अडलं.

आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, पाय काढून पाहिलं. माथुरजींनी दाराचं माप घेतलं, टेबलाचं माप घेतलं, आणि दोन्ही आकडे आपल्या विरोधात आहेत असं जाहीर केलं. मिशन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने एकदाच विचारलं, "पक्का?" साहेब म्हणाले, पक्का. त्याने करवत चालवली.

आत नेल्यावर दोन अर्धगोल काही जुळेनात. मधे बोटभर फट राहिली, तिच्यात पहिल्याच दिवशी ब्राझीलच्या पाहुण्यांचं पेन पडलं. मग साहेबांनीच ठरवलं की अर्धगोल वेगवेगळे ठेवू. एकावर बँक बसली, समोरच्यावर आम्ही बसलो, आणि मधल्या मोकळ्या जागेतून लालारामजी पाण्याचा ट्रे घेऊन फिरले.

ते साहेब दीड महिन्यात बदलून गेले. टेबलं अजून तशीच आहेत. त्या फटीत पडलेलं पेन लालारामजींनी शोधून पाहुण्यांना परत दिलं, तेव्हा पाहुण्यांनी त्यांच्याशी हात मिळवला. सबंध दोन दिवसांत बरोबरीचं म्हणावं असं मला तेवढंच दिसलं.

*

मिशनला नुसतं ऑफिसात बसवून चालत नाही, जागेवर न्यावं लागतं. आम्ही नेहमी एकाच घरी नेतो. सुशीलाजींचं घर, मंदिराच्या अलीकडे. त्यांच्याकडे नळ येतो, त्या बोलतात छान, आणि अंगणात तुळस आहे. इतकी मिशनं झाली आहेत की पाहुणे आले की त्या स्वतःच नळ सोडतात, ओंजळ धरतात, क्षणभर फोटोसाठी थांबतात आणि मग पितात. मागच्या खेपेला मला आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "मैडम, पिछली बार पीली साड़ी थी, इस बार कौन सी?"

परतताना गाड्या मंदिरावरून वळतात. त्या दिवशी नेमका टँकर आला होता, आणि बायका हंडे घेऊन चालल्या होत्या. त्यांच्यात लालारामजींची बायको होती, गुलाबबाई. डोक्यावर दोन हंडे, एक हात गुडघ्यावर. ब्राझीलच्या पाहुण्यांनी गाडी थांबवायला लावली. विचारलं, ह्या बायका कोण, कुठे चालल्यात?

गाडीत मी होते, माथुरजी होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माथुरजी म्हणाले, "ट्रॅडिशन, सर. ओल्ड राजस्थानी ट्रॅडिशन."

मी तोंड मिटलं. पाहुण्यांनी खाली उतरून, नमस्कार करून, फोटो काढला. गुलाबबाईंनी घुंघट सारखा केला.

हा किस्सा इथे संपला असता तर मी तो सांगितलाही नसता. दोन महिन्यांनी प्रकल्पाची पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, चार रंग. मुखपृष्ठावर गुलाबबाई, डोक्यावर दोन हंडे, मागे मावळतीचं ऊन. खाली लिहिलेलं, 'घरोघरी पाणी'.

फोटो पाहुण्यांनी कौतुकाने पाठवला होता. मजकूर आमच्याकडून गेला होता. मधे कोणी पाहिलंच नाही. पुस्तिका सगळ्या देशांना गेली.

गठ्ठे उघडायचं काम लालारामजींचं. त्यांनी वरची प्रत उचलली, बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे येऊन विचारलं, "मैडमजी, एक घर ले जाऊँ?" मी म्हटलं, दोन न्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाल्या भाभीजी? तर म्हणाले, फोटो आवडला. फक्त, सगळी पानं उलटून बघितली आणि विचारलं की ह्यात आपल्या नळाचं कुठे लिहिलंय?

त्या दिवशी मी घरी गेले आणि स्वयंपाक न करता पलंगावर पडून राहिले. नवरा म्हणाला, "काऊन एवढी थकतं वं? बँक काय तुह्या बापाची हाय?" मी म्हटलं, बापाची नाही, म्हणून तर काही करता येत नाही. त्याने खिचडी टाकली.

*

आता शेवटचं सांगते.

बँकेचा एक चांगला नियम आहे. प्रकल्पामुळे ज्याला त्रास होतो त्याला तक्रार करता आली पाहिजे. म्हणून जागोजागी तक्रारपेट्या, ऑफिसात तक्रारींची नोंदवही. नोंदवही माझ्याकडे. ती कोरी होती, कारण पेट्यांना कुलपं होती आणि कुलपांच्या किल्ल्या आधीचे साहेब जाताना चुकून घेऊन गेले होते.

बँकेच्या दिल्लीच्या मॅडम आल्या. तरुण, शांत, हिंदी स्वच्छ. त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाल्या, "अर्धं शहर खोदलंय आणि एकही तक्रार नाही? हे मला खरं वाटत नाही. पुढच्या वेळी मी नीट बघेन."

त्या गेल्यावर साहेबांनी मीटिंग घेतली. कोणालाही वाटेल, साहेब म्हणाले असतील की पेट्या फोडा. ते म्हणाले, "दहा तक्रारी लिहून काढा. आणि दहाही सुटलेल्या हव्यात."

मग सगळं ऑफिस तक्रारी लिहायला बसलं. आपल्याच विरुद्ध तक्रारी लिहिताना माणसं इतकी रंगलेली मी पाहिली नव्हती. कोणी धुळीची लिहिली, कोणी यंत्राच्या आवाजाची. गोपालपुऱ्यात खोदकामही नव्हतं, तरी तिथल्या एका काल्पनिक विद्यार्थ्याचा अभ्यास बुडाला. माथुरजींनी लिहिली ती एवढी सविस्तर आणि सणसणीत होती की साहेबांनी त्यांना ती सौम्य करायला लावली. प्रत्येक तक्रारीपुढे फोन नंबर हवा होता, म्हणून कोणी मेहुण्याचा दिला, कोणी साडूचा, आणि सगळ्यांना पढवून ठेवलं की फोन आला तर म्हणायचं, समाधान झालं.

नऊ झाल्या. दहावीसाठी वेगळं अक्षर हवं होतं. मी लालारामजींना बोलावलं.

"क्या लिखूँ, मैडमजी?"

"कुछ भी. बस अलग होना चाहिए."

ते पेन हातात धरून थोडे घुटमळले. म्हणाले, "सच लिख दूँ तो चलेगा?"

मी हसले. दिवसभराच्या त्या तमाशात मला ते गमतीचं वाटलं. म्हटलं, चलेगा.

त्यांनी सावकाश, शिरोरेघ सरळ देत लिहिलं: 'हमारी गली में पाइप नहीं आया। बाकी काम अच्छा है।' खाली नाव लिहिलं, घराचा पत्ता लिहिला, आणि स्वतःचा फोन नंबर.

मी वाचलं. वहीत शेवटचा रकाना भरायचं काम माझं होतं. वरच्या नऊ तक्रारींपुढे मी एकाच बैठकीत 'समाधान हो गया' लिहिलं होतं. दहावीपुढे पेन थांबलं. मनात आलं की ही एक उघडी ठेवावी. निदान दिल्लीच्या मॅडमच्या नजरेला पडेल. साहेब दारातून म्हणाले, "हो गया?" मी म्हटलं, हो गया. आणि तेच लिहिलं. ह्याची मला लाज वाटते, आणि तुम्ही कितीही समजूत घातली तरी ती जाणार नाही.

होळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा मिशन आलं. तेच दोन अर्धगोल. पलीकडे बँक, अलीकडे आम्ही. दिल्लीच्या मॅडमनी वही मागितली. वाचली, मान डोलावली. साहेबांनी पाठ सैल केली. मग मॅडम म्हणाल्या, "ह्यातल्या एखाद्याशी बोलून बघते. पद्धत आहे आमची." त्यांनी वही कुठेतरी मधे उघडल्यासारखी केली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

रिंग वाजली. फोनमधून एक, आणि दाराजवळून एक.

लालारामजी पाण्याचा ट्रे घेऊन नुकतेच आत आले होते. ट्रे डाव्या हातावर तोलून त्यांनी उजव्या हाताने शर्टाच्या खिशातून फोन काढला, अनोळखी नंबर पाहिला आणि कानाला लावला.

"हैलो."

मॅडमची नजर वहीत होती. "लालारामजी बोल रहे हैं? मैं बैंक से बोल रही हूँ. आपने शिकायत लिखवाई थी, गली में पाइप की. यहाँ लिखा है, समाधान हो गया. पानी आने लगा?"

बोलता बोलता त्यांनी मान वर केली. साहेबांनी माथुरजींकडे पाहिलं. माथुरजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीतल्या माझ्या अक्षराकडे पाहत होते.

लालारामजींनी आधी ट्रेकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"जी, मैडमजी. पहले यहाँ सबको पानी दे दूँ. फिर बताता हूँ."

फोन बंद न करताच त्यांनी तो खिशात ठेवला आणि मधल्या मोकळ्या जागेत आले. पहिला ग्लास मॅडमपुढे ठेवला. मग एकेक पाहुणा, मग साहेब, मग माथुरजी. खिशातला फोन चालू होता, त्यामुळे प्रत्येक ग्लास टेकल्याचा आवाज दोनदा ऐकू येत होता. ट्रेवर एकच उरला, तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मग रिकामा ट्रे काखेत धरून मॅडमसमोर उभे राहिले आणि खिशातून फोन काढून पुन्हा कानाला लावला.